आमच्या घरी रोज पोळा फुटतो

गावात पोळा वर्षातून एकदाच फुटतो, पिठोरी अमावस्येच्या संध्याकाळी. आमच्या घरी तो रोज फुटतो. कधी जेवताना, कधी न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर तहसीलच्या रांगेत.

विदर्भाबाहेरच्या वाचकांना थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात आणि हौशी मंडळी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चढाओढीनं म्हणायच्या चार-सहा ओळी. त्यात कुणाची टिंगल असते, कुणाचं कौतुक, कापसाच्या भावावर टोमणा. प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळा गाव ओरडतो, ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’ असं बराच वेळ चालतं. मग तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि जो तो आपली जोडी घेऊन घराकडे निघतो.

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. घरी आम्ही त्याला दादू म्हणतो. त्यानं उच्चारलेलं पहिलं पूर्ण वाक्य म्हणजे ही आरोळी. तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि तोवर ‘आई’ असंही धड म्हणाला नव्हता. साळ्याच्या घरी बारसं होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा कोपऱ्यात दोन्ही कानांवर हात दाबून अचानक खणखणीत आवाजात म्हणाला, ‘एक नमन गौरा पार्वती!’ सगळे हसले. एका म्हातारीनं हात जोडले, “पाहा, देवाचं नाव घेते पोरगं.” त्यानं ते परत म्हटलं. परत म्हटलं. आठव्या-दहाव्या वेळेनंतर जमिनीवर अंग टाकून असा किंचाळू लागला की आम्हाला जेवण सोडून निघावं लागलं.

तो देवाचं नाव घेत नव्हता, हे कळायला आम्हाला आणखी काही महिने लागले. ‘घरी चला’ असं तो सांगत होता. त्याच्या अनुभवात या ओळीनंतर गर्दी पांगते, ढोल थांबतो आणि बाबा त्याला खांद्यावर घेऊन घरी नेतात. एवढी नेमकी ओळ त्याच्याजवळ दुसरी नव्हती, म्हणून त्यानं ती वापरली. दहा वेळा सांगून कुणी हललं नाही तेव्हा तो रडला.

अशा बोलण्याला तज्ज्ञ एकोलालिया म्हणतात, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं. काही मुलं तुम्ही विचारलेला प्रश्नच तुम्हाला परत देतात. ‘पाणी पाहिजे?’ म्हटलं की ‘पाणी पाहिजे?’ आणि त्याचा अर्थ बहुतेकदा ‘हो’ असा असतो. काही मुलं महिन्यापूर्वी ऐकलेली टीव्हीवरची जाहिरात किंवा एसटी स्टँडवरची घोषणा आज म्हणतात. पूर्वी याला पोपटपंची समजून बंद पाडायचा प्रयत्न व्हायचा. आता बरेच तज्ज्ञ मानतात की पुष्कळ स्वमग्न मुलं भाषा सुट्या शब्दांनी शिकत नाहीत, अख्ख्या वाक्यांच्या गाठोड्यांनी शिकतात, आणि एकेक गाठोडं एकेका प्रसंगाला बांधलेलं असतं. ते कोणत्या प्रसंगातून आलं एवढं शोधलं की अर्थ सापडतो. हे शोधण्याचं काम मुलाचं नाही, आपलं आहे. माझं म्हणणं काय ते एवढंच आहे. बाकीचा लेख त्याचाच पसारा समजा.

माझं गावात कृषी केंद्र आहे. यवतमाळ जिल्ह्यातलं कापूस-सोयाबीनचं गाव. दुकानात दिवसभर माणसं येतात, त्यामुळे माझ्या पोराबद्दल मला काय काय ऐकावं लागलं असेल याचा अंदाज करा. त्यांना समजावता समजावता मलाच जे समजलं ते लिहितो.

आधी शब्दाबद्दल. ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मूळ शब्द ग्रीक ‘ऑटोस’वरून, म्हणजे ‘स्वतः’, आणि स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळ्याच संदर्भात वापरला होता. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि हा शब्द या मुलांना चिकटला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी तशाच मुलांबद्दल लिहिलं. मला हा मराठी शब्द फारसा आवडत नाही. स्वमग्न म्हटलं की डोळ्यांपुढे समाधी लावलेला माणूस येतो, ज्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही. दादूचं उलट आहे. दोन शेतं पलीकडे कुणी मोटर चालू केली तर आमच्या आधी त्याला कळतं. बाहेरचं जग त्याच्यापर्यंत कमी पोचतं असं नाही, नको तितकं पोचतं. पण कागदोपत्री शब्द हाच आहे, तर तोच वापरू.

निदान करताना डॉक्टर दोन बाजू बघतात. एक, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण: नजर, हावभाव, बोलणं, खेळणं, मैत्री. दुसरी, त्याच त्या हालचाली, ठरावीकपणाचा आग्रह, एखाद्याच विषयाचं विलक्षण वेड, आणि आवाज-स्पर्श-चव-उजेड यांची कमी किंवा जास्त जाणीव. दोन्ही बाजू लहानपणापासून असाव्या लागतात आणि रोजच्या जगण्यात अडचण होईल इतक्या असाव्या लागतात. नुसता लाजाळू मुलगा स्वमग्न नव्हे. नुसता उशिरा बोलणाराही नव्हे.

मग लोक विचारतात, “कमी आहे का जास्त?” जणू तापाचा काटा आहे, ९९ की १०३. डॉक्टर ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ म्हणतात, स्पेक्ट्रम म्हणजे पट्टा; तो शब्द ऐकून तर हा गैरसमज अजून पक्का होतो. मी दुकानात येणाऱ्यांना माती परीक्षणाचा कागद दाखवतो. त्यावर नत्र वेगळं, स्फुरद वेगळं, पालाश वेगळं, सामू वेगळा, सेंद्रिय कर्ब वेगळा, जस्त-लोह-बोरॉन वेगळं. ‘एका शब्दात सांगा, जमीन चांगली का खराब?’ असं विचारलं तर काय सांगणार? पालाश भरपूर, जस्त नाही. कापूस येईल, पण संत्र्याचं विचारू नका. स्वमग्नतेचा कागद तसाच असतो. दादूचं बोलणं कमी, पण आठवण अशी की माझ्या गोदामातल्या बियाण्यांच्या थैल्यांचा क्रम मी बदलला तर तो रात्री उठून नीट लावतो. बाजूच्या गावात एक मुलगी आहे, ती घडाघडा बोलते, पहिला नंबर आणते, पण वर्गातल्या मुली आपल्याला हसतात की आपल्याबरोबर हसतात हे तिला ओळखता येत नाही आणि घरी येऊन ती तास-तासभर रडते. तिचं निदान बारा वर्षांची होईपर्यंत झालंच नाही. मुली बघून-बघून नक्कल करतात, अडचण झाकतात, आणि ‘शांत पोरगी आहे’ म्हणून सुटतात. मुलग्यांमध्ये निदान मुलींच्या सुमारे चौपट होतं, त्यातला काही भाग या झाकण्याचा आहे.

बुद्धीचं माप हा पुन्हा वेगळा रकाना. काही स्वमग्न मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, काहींना नसते. आमच्या भागात दोन्हींना सर्रास ‘मतिमंद’ म्हणतात किंवा सरळ ‘येडा’ म्हणून मोकळे होतात.

आता आवाज आणि अंगाचं. यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण गावातले नव्वद टक्के गैरसमज इथे आहेत (हा आकडा माझ्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून काढलेला आहे, शास्त्रीय नाही).

दादू साडेतीन वर्षांचा असताना आम्ही त्याला एका भगताकडे नेलं. लपवत नाही. घरच्यांचा आग्रह होता आणि मीही घाबरलेला होतो. त्यानं मंतरलेला काळा दोरा मुलाच्या गळ्यात बांधला. दोरा गळ्याला लागताच दादूनं जो हंबरडा फोडला, तो गळा ओरबाडू लागला, डोळे फिरवू लागला. भगत समाधानानं म्हणाला, “पाह्यलं? आतलं बोलून राहिलं.” आम्ही थरथरत घरी आलो. आज मला माहीत आहे की त्याला शाळेच्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबलही सहन होत नाही, ते आम्ही ब्लेडनं काढतो. दोरा नायलॉनचा होता आणि टोचत होता. एवढंच ‘आतलं’ होतं. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. दोऱ्यापलीकडे मारझोड, चटके वगैरे कुणी सुचवलं तर तो गुन्हा आहे, हे इथे सांगून ठेवतो.

आपला मेंदू येणाऱ्या आवाजांतला बराचसा कचरा आपोआप मागे टाकतो. दुकानात पंखा फिरतो, रस्त्यावर ट्रॅक्टर जातो, शेजारी मिक्सर चालतो, आणि तरी मला गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येतं. दादूच्या मेंदूत ही चाळणी वेगळी आहे. सगळं सारख्याच आवाजात आत येतं. कुकरची शिट्टी त्याला दुखते, शब्दशः दुखते. शाळेतली खिचडी तो खात नाही कारण एका घासात भात मऊ, वाटाणा कडक आणि मोहरी टचकन लागते. पण पायात काटा घुसून रक्त आलं तरी त्याला पत्ता नसतो. एकाच मुलात एक जाणीव तिखट आणि दुसरी बोथट असू शकते.

आणि काही स्पर्श त्याला हवेहवेसे वाटतात. आमच्याकडे भाव वाढेल या आशेनं लोक कापूस घरात साठवून ठेवतात, माझ्या वडिलांच्या घरी तर एक खोली छतापर्यंत भरलेली असते. दादू लहानपणी रडला की त्या खोलीत पळायचा आणि कापसात स्वतःला गळ्यापर्यंत पुरून घ्यायचा. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, आम्ही त्याला ओढून काढायचो, मारायचोही. तिकडे अमेरिकेत टेम्पल ग्रँडिन नावाच्या प्राध्यापक आहेत, स्वतः स्वमग्न, गुराढोरांच्या वागण्याच्या तज्ज्ञ. जनावरांना लसीसाठी धरून ठेवणाऱ्या खोड्यात त्यांनी पाहिलं की दोन्ही बाजूंनी दाब आला की जनावर शांत होतं. त्यांनी तरुणपणी स्वतःसाठी तसं दाबयंत्र बनवून घेतलं. थेरपी शिकवणाऱ्या ताईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी आणि बायको एकमेकांकडे बघत राहिलो. पोरानं आपलं यंत्र स्वतःच शोधलं होतं, आणि आम्ही त्यातून त्याला फटके देऊन बाहेर काढत होतो. आता त्याच्यासाठी आजीनं शिवलेली जाडजूड, जड गोधडी आहे. कापसाचीच.

हात फडफडवणं, डोलणं, गोल फिरणं, चाक फिरवत राहणं, हेही त्याच कुळातलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात. दादू बैल उलटा करून चाकं फिरवत बसतो. सगळे म्हणायचे, “त्याले खेळताच येत नाही.” त्याला चाकाच्या गतीत जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. या हालचालींनी अशी माणसं स्वतःला सावरतात, कधी आनंदही दाखवतात. इजा होत नसेल तर थांबवू नका.

मग येते ती ‘जिद्द’. “लय जिद्दी आहे तुमचं पोट्टं, दोन ठेवून द्या.” जिद्द आणि मेल्टडाउन (सगळं असह्य होऊन कोसळणं) यांत फरक कसा ओळखायचा ते मला डॉक्टरांपेक्षा आमच्या गावच्या डीपीनं, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरनं, जास्त समजावलं. रब्बीत रात्री लाईन आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होतात आणि डीपी उडते. शेवटची मोटर कुणाची होती यावरून भांडण होतं, पण उडाली ती एकंदर लोडनं. मुलाचं तसंच असतं. सकाळी शाळेत बाक बदलला, दुपारी खिचडीचा वास, संध्याकाळी पाहुणे, आणि रात्री ताटात भाजी भाताला लागली म्हणून तो कोसळला. आपल्याला फक्त भाजी दिसते. जिद्द करणारं मूल मधून मधून बघतं, कुणी पाहतंय का. हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमधलं मूल काहीही दिलं तरी थांबू शकत नाही. त्या वेळी समजावणं, ओरडणं, लाच देणं, व्हिडिओ काढणं यातलं काही करायचं नसतं. लोड कमी करायचा: आवाज बंद, उजेड कमी, माणसं बाहेर. आणि वाट पाहायची.

ओळखायचं कसं, हे तान्ह्या मुलांच्या आईबापांसाठी सांगतो. आमच्याकडे सगळ्यात चांगली चाचणी चांदोमामाची आहे. साधारण वर्षाचं बाळ आपण बोट केलं की चंद्राकडे बघतं, आणि पुढच्या काही महिन्यांत स्वतः बोट करून आपल्याला दाखवतं, ‘ते बघ’. मागण्यासाठी नव्हे, नुसतं दाखवण्यासाठी. दादू माझ्या बोटाकडे बघायचा. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माझा हात माठावर नेऊन ठेवायचा, जणू माझा हात म्हणजे पळी. वर्षाचं होऊनही नावानं हाक मारल्यावर बघत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या, कारण ऐकू न येणारं मूलही असंच वाटतं.

आम्हाला एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात सांगितलं गेलं, “मुलगे उशिरा बोलतात, मोबाईल बंद करा.” आजी म्हणाली, “याचा बापही पाच वर्षांचा झाल्यावर बोलला.” दोन्हींवर आम्ही खुशाल विश्वास ठेवला आणि दीड वर्ष घालवलं. रस्ता खरं तर घराजवळून जात होता. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यांच्या यादीत विकासातला उशीरही असतो. ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतात, जिथे असा उशीर लवकर ओळखून उपचार सुरू करतात. तिथे रक्त किंवा स्कॅन करून स्वमग्नता कळत नाही. तज्ज्ञ मुलाला पाहतात, खेळवतात, आईवडिलांना विचारतात. भारतात प्रमाणपत्रासाठी इसा नावाची मोजणी वापरतात, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण.

त्या चाळीस मुद्द्यांच्या वेळी एक गंमत झाली. मॅडम दादूबद्दल विचारत होत्या. क्रम बदलला तर अस्वस्थ होतो का? नजरेला नजर देणं टाळतो का? विशिष्ट गोष्टींत अतिरेकी रस आहे का? मी उत्तरं देत होतो आणि बायको गप्प बसून माझ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “तुम्ही कोणाबद्दल सांगत होता?” मला लॉट नंबर पाठ असतात, माणसांचे चेहरे नसतात. लग्नात मी मांडवामागे आचाऱ्यांजवळ जाऊन बसतो, लोकांना वाटतं जेवणावर लक्ष ठेवतो. माझ्याजवळ कागद नाही आणि आता काढायचीही गरज वाटत नाही. पण आजीचं ते ‘याचा बापही’ मला त्या दिवशी वेगळं ऐकू आलं.

कारण विचाराल तर सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं की एकसारख्या जुळ्यांत दोघेही स्वमग्न असण्याचं प्रमाण साध्या जुळ्यांपेक्षा खूप जास्त आहे, आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांनी ते पक्कं केलं. एकच जनुक नाही, शेकडो आहेत. त्याआधीची वीसेक वर्षं मात्र शास्त्रानंच आयांवर अन्याय केला. आई फ्रिजसारखी थंड असली की मूल असं होतं, असं ब्रूनो बेटलहाइमसारखे लोक सांगत होते. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये ते खोडून काढलं. तेही एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आमच्या गावात ही बातमी अजून पोचायची आहे. माझ्या बायकोला ग्रहणात भाजी चिरली का, इथपासून विचारून झालं. मला कुणी काही विचारलं नाही, पण मी कीटकनाशकं विकतो आणि ती पोटुशी असताना दुकानात बसायची, म्हणून कित्येक रात्री मीच मला विचारत होतो. डॉक्टर म्हणाले, एका मुलापुरतं बोट ठेवून ‘हे कारण’ असं कुणीच दाखवू शकत नाही, तुम्हीही दाखवू नका.

लसीचं मात्र स्पष्ट आहे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय घेतला. तो निबंध २०१० मध्ये त्या नियतकालिकानं मागे घेतला आणि त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून झाल्या, संबंध सापडला नाही. लक्षणं दिसण्याचं वय आणि लसीचं वय एकच, म्हणून संशय येतो. आशाताईला परत पाठवू नका.

औषधानं स्वमग्नता जात नाही. झोप, फिट्स, फार चिडचिड यांवर औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतील. स्टेम सेलची लाखांची इंजेक्शनं हा मान्य उपचार नाही; शेत विकून तिकडे गेलेली माणसं मला माहीत आहेत. उपयोग होतो तो वाचा आणि हालचालींच्या थेरपीचा, आणि घरातल्या शहाणपणाचा. आम्ही झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेशन केलेले फोटो भिंतीवर लावले: अंघोळ, चहा-पोळी, शाळा, दुकान, झोप. पुढे काय होणार ते दिसलं की त्याची अर्धी भीती जाते. खिशात छोटी कार्डं असतात, पाणी, संडास, बस, दुखतं. लोकांना वाटलं कार्डांमुळे तो बोलायचा राहील. तसं होत नाही, संशोधनही तसं सांगत नाही. आमच्याकडे तर शब्द वाढले.

एक गोष्ट मात्र शहरातल्या माहितीपत्रकात सापडणार नाही. बरीच स्वमग्न मुलं घरातून न सांगता निघून जातात आणि बऱ्याच जणांना पाण्याची ओढ असते. आमच्या शिवारात बिनकठड्याच्या विहिरी आहेत. दादू सहा वर्षांचा असताना एकदा अडीच तास सापडला नाही. तो विहिरीजवळच होता, काठावर बसून पाण्यात खडे टाकत होता. त्या रात्री मी घरोघर फिरलो. सांगितलं, हा एकटा दिसला तर हाका मारत बसू नका, तो ओ देणार नाही. मागून धरू नका, पळेल. समोर जाऊन बसा, खडा हातात द्या आणि मला फोन करा. ग्रामपंचायतीच्या मागे लागून दोन विहिरींवर जाळी बसवली. गावाचा हा फायदा आहे: शंभर घरांना एका संध्याकाळी सांगता येतं. शहरात कुणाला सांगणार?

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, स्वमग्नता त्यातला एक. ४० टक्के किंवा जास्त असं प्रमाणपत्र असलं की यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), एसटीची सवलत, आणि १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. मूल १८ चं झाल्यावर पालकत्वाचा प्रश्न निर्माण झाला तर जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती असते. कार्डासाठी आम्ही तीन चकरा मारल्या. तहसीलच्या रांगेत पोळा फुटला तो यातल्याच एका कागदापायी.

शाळेत सुरुवातीला त्याला मागे बसवून ठेवायचे. मग एक बाई आल्या. त्यांनी त्याची जागा दाराजवळ ठरवली, घंटेच्या एक मिनिट आधी त्याला सांगायला सुरुवात केली आणि हजेरीपटाची गिनती त्याच्याकडे दिली. तो एकही मुलगा चुकवत नाही. याला मोठी योजना लागली नाही.

ब्रिटनमध्ये डेमियन मिल्टन नावाचे स्वमग्न समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की स्वमग्न माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण दुसऱ्यालाही त्याचं कळत नसतंच. अडचण दोन्ही बाजूंची आहे. आमच्या घरात ते रोज दिसतं. मी आणि दादू गोदामात तासभर न बोलता थैल्या लावतो आणि आमचं मस्त जमतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, दोघे भांडून बसले.

यंदा उन्हाळ्यात पुतणीचं लग्न होतं. डीजे लागायच्या आधी निघायचं ठरवलं होतं, पण डीजे तासभर आधीच आला. दादूनं कानावर हात ठेवले. मी बायकोला शोधत होतो, ती आत नवरीजवळ. गर्दीत तो मोठ्यानं म्हणाला, ‘एक नमन गौरा पार्वती!’ दोन-चार पोरं हसली, एकानं उत्साहानं ‘हर बोला’ पूर्ण केलं.

तेव्हा शेजारच्या रांगेतला म्हातारा उठला. भगताचा पत्ता आम्हाला ज्यानं दिला होता, तोच. त्यानं काठीनं हसणाऱ्या पोरांना बाजूला केलं, वाट मोकळी केली आणि माझ्याकडे वळून ओरडला, “काहून उभा राह्यला बे? पोट्टं सांगून राह्यलं ना, पोळा फुटला म्हणून! गाडी काढ!”

मी तर केव्हाचाच तयार होतो.